रोजच्या पॉइंटची वही: गावाकडच्या विमा आणि फंडवाल्यांनी ती कशी आखायची, कशी टिकवायची

यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, इकडच्या तालुक्याच्या गावांत विम्याचं किंवा म्युच्युअल फंडाचं काम करणाऱ्या बहुतेकांनी पॉइंटची वही कधी ना कधी सुरू केलेली असते. ट्रेनिंगमध्ये कोणीतरी तक्ता देते, फोनला एक, भेटीला दोन, पॉलिसीला दहा, रोज इतके झालेच पाहिजे, आणि पंधरा दिवसांत ती वही कपाटात जाते. मग म्हणतात आपल्याले शिस्तच नाही. मला हे पटत नाही. यात माणसाच्या आळसापेक्षा तक्त्याचा दोष जास्त असतो, कारण तो तक्ता भलत्याच गोष्टीला पॉइंट देतो, शहरातल्या ऑफिसच्या वेळेवर बसवलेला असतो आणि कापूस-सोयाबीनचा पैसा कधी हातात येतो हे त्याला माहीतच नसतं.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे: पॉइंट फक्त तुमच्या हातातल्या कामाला द्यायचे. वेळ मागणं तुमच्या हातात आहे, समोरच्यानं हो म्हणणं नाही. म्हणून मागितल्याचे पॉइंट, मिळाल्याचे जवळपास नाहीच.

## टप्पा १: वहीच्या आधी नावं

नावांशिवाय वही सुरू केली की तिसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न पडतो, आज फोन कोणाला करू? आणि मग त्याच चार ओळखीच्या लोकांकडे चहा होतो. म्हणून आधी शंभर नावं कागदावर घ्या. गावनिहाय लिहा, एका गावाला एक पान, कारण आपल्याला पेट्रोल जाळत फिरायचं असते आणि एका गावात गेलं की तिथली तीन कामं व्हायला पाहिजेत.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लागतात. पैसा कधी येतो. घरात निर्णय कोण घेते. ओळख कुठून. शेवटचं बोलणं कधी झालं. यातली पहिली गोष्ट बरेच जण लिहीतच नाहीत आणि तिथंच पुढचं सगळं गणित फसते. शिक्षक, ग्रामसेवक, महावितरणचे लाइनमन, एसटीचे कंडक्टर, वणी-चंद्रपूरकडे वेकोलिचे म्हणजे कोळसा खाणीतले कामगार, यांच्याकडे महिन्याला पैसा येतो. किराणा, कृषी केंद्र, दूध, सलून, चक्की यांच्याकडे रोज येतो पण उधारीत अडकलेला असतो. शेतकऱ्याकडे वर्षातून दोनतीनदा येतो आणि तो कधी येईल हे पिकावर ठरते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला उभाच विकतात, इसार आधी आणि बाकी तोडणीच्या वेळी. भंडारा-गोंदियाकडे धान केंद्रावर घातला तरी पैसे खात्यात पडायला कधीकधी चांगलाच उशीर होतो. तेव्हा नुसतं 'शेती' असं लिहू नका, पीक लिहा आणि पैसे येण्याचा महिना लिहा.

सावध राहा: बँकेतल्या, शाळेतल्या किंवा राशन दुकानातल्या ओळखीच्या माणसाकडून नंबरांची यादी फोटो काढून आणू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, अनोळखी विक्रीच्या फोनची तक्रार १९०९ वर होते, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गावात 'तुले माझा नंबर कोनं देल्ला?' हा प्रश्न एकदा आला की त्या घरचा दरवाजा बंद समजा.

तपासा: शंभरात निदान तीस नावं महिन्याच्या पगाराची आहेत का? नसतील तर जून ते सप्टेंबर वही कोरी राहील. आधी ती नावं जोडा, मगच पुढे जा.

## टप्पा २: तक्ता, आणि कशाला शून्य

मी जो तक्ता सुचवतो तो असा आहे. आकडे पुढेमागे करता येतील पण क्रम मोडू नका.

- नवीन नाव, चारही गोष्टींसकट: १ पॉइंट. दिवसाला जास्तीत जास्त ३.
- फोनवर किंवा समोरासमोर भेटीची वेळ स्पष्ट मागितली: १. उत्तर काहीही येवो.
- वार, वेळ आणि जागा ठरली: आणखी १.
- माहितीची भेट, म्हणजे घरचा हिशोब कागदावर उतरवून घेतला: ४.
- निर्णयाची भेट, म्हणजे आकडे मांडले आणि 'सुरू करायचं का' असं तोंडानं विचारलं: ५.
- दोन नावं मागितली, म्हणजे ज्याला रेफरन्स म्हणतात तो: २. नावं मिळाली नाही तरी २.
- जुन्या ग्राहकाचं काम, नॉमिनी बदल, पत्ता, थकलेला हप्ता, केवायसी: १. दिवसाला जास्तीत जास्त २.
- पॉलिसी झाली, एसआयपी सुरू झाली: शून्य.

शेवटच्या ओळीवर लोक अडतात. विक्रीला शून्य कसं काय? तर विक्रीचं कमिशन मिळतेच, तिला वहीत वेगळा रकाना आहे, तिथं लिहा. पण तिला दहा पॉइंट दिले की एक पॉलिसी झालेल्या दिवशी माणूस बारा वाजता घरी जाते आणि दोन दिवस फोन उचलत नाही. वीस दिवसांनी त्याच्याकडे भेटायला कोणीच उरत नाही. विक्री ज्या दिवशी होते तो दिवस बहुतेक वेळा महिन्याभराच्या आधीच्या विचारणांचं फळ असतो, त्या दिवशीच्या कामाचं नाही.

विचारल्याला पॉइंट आणि मिळाल्याला जवळपास काही नाही, याचं कारण सोपं आहे. गावात सगळे ओळखीचे, नात्यातले, नाहीतर नात्याच्या नात्यातले. त्यामुळे मागायची लाज जास्त वाटते. मामेभावाच्या सासऱ्याला 'काका, पैसे भरता का' असं विचारणं हे अनोळखी माणसाला विचारण्यापेक्षा कितीतरी जड जाते. ज्या पायरीवर पाय अडखळते तिथंच पॉइंट जास्त पाहिजेत. म्हणून निर्णयाच्या भेटीला ५ आणि नावं मागायला २.

जुन्या ग्राहकाच्या कामाला रोज दोनचीच मर्यादा ठेवली आहे, त्याचं कारण हे काम सोपं आणि सुखाचं असते. ग्राहक चहा पाजते, कौतुक करते, आणि माणसाला वाटते आज खूप काम झालं. सेवा सोडायची नाही, पण ती नवीन विचारणेच्या जागी बसता कामा नये.

आणि क्लेम? घरात मयत झालं आहे, कागद जमवायचे आहेत, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, नॉमिनीचं आधार, तर त्या दिवशी वही उघडायचीच नाही. पॉइंटही नाही आणि कमी पडल्याची खंतही नाही. तो दिवस हिशोबातून पूर्ण वगळा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीतली विषबाधा, साप चावणं, वीज पडणं हे बसते, मयत झाल्यास २ लाख मिळतात, आणि वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा किंवा ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा बँकेतून कटत असतो तरी घरच्यांना पत्ता नसते. पासबुकावर मे महिन्याच्या आसपासची नोंद बघा आणि त्यांना सांगा. यात तुमचं कमिशन नाही. तरी सांगा.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे नुसतं मोजा

सगळ्यात मोठी चूक इथं होते. पहिल्याच सोमवारी 'रोज ३० पॉइंट' असं मोठ्या अक्षरात लिहिलं जाते. पहिल्या दिवशी ३४ होतात, दुसऱ्या दिवशी २६, तिसऱ्या दिवशी ९, आणि चौथ्या दिवशी वही बंद.

पहिले दोन आठवडे काहीच ध्येय ठेवू नका. जसं काम करता तसंच करा, फक्त तक्त्याप्रमाणे मोजा. दोन आठवड्यांनी सरासरी काढा. समजा ती रोजची ११ आली, तर पुढच्या चार आठवड्यांचं ध्येय १३ ठेवा, मग १५. पूर्ण वेळ काम करणाऱ्यानं हळूहळू २० वर यावं आणि तिथं थांबावं. शेती किंवा दुकान सांभाळून करणाऱ्यानं १० पुरे. विसाच्या वर नेण्यापेक्षा विसातच निर्णयाच्या भेटी वाढवणं जास्त कामाचं असते.

ध्येय आठवड्याचं पकडा, रोजचे २० असतील तर पाच दिवसांचे १००, ते सहा दिवसांत. म्हणजे एक दिवस तहसीलमध्ये गेला, लग्न निघालं, पाऊस लागला, तरी बाकीच्या दिवसांत भरून निघते. पण एक अट आहे: सहापैकी पाच दिवस निदान पाच तरी पॉइंट झाले पाहिजेत. नाहीतर सगळं शुक्रवार-शनिवारवर ढकललं जाते, आणि मग माणूस भेटतो तो घाईत भेटतो.

## टप्पा ४: दिवस कसा लावायचा

शहरातला तक्ता सांगतो सकाळी दहा ते एक फोन, दुपारी भेटी. आपल्याकडे दुपारी भेटीला गेलं तर घरी म्हातारी माणसं आणि झोपलेली पोरं. शेतकरी वावरात, शिक्षक शाळेत, आणि एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत तर कुत्रं पण सावली सोडत नाही. म्हणून भेटी सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ. फोन अकरा ते साडेबारा. दुपार कागदांसाठी.

एक पूर्ण दिवस कसा जमतो ते बघा. सकाळी पावणेसात, शेजारच्या गावात एका शिक्षकाच्या घरी माहितीची भेट, ४. उठताना दोन नावं मागितली, २. झाले ६. अकराला बसून सहा फोन, सहाही वेळा वेळ मागितली, ६. त्यातल्या दोघांनी वार-वेळ दिली, २. झाले १४. संध्याकाळी सातला कृषी केंद्रवाल्याच्या घरी निर्णयाची भेट, ५. तिथं पुन्हा नावं मागितली, २. एकूण २१. यात पॉलिसी झाली की नाही हे मी लिहिलंच नाही, कारण दिवस पूर्ण व्हायला त्याची गरज नाही.

फोनवर वेळ मागायची तर वेळच मागा, फोनवर पॉलिसी सांगू नका. असं बोला:

'काका, नमस्कार. पॉलिसी काढा म्हणून नाही येत आहे. घरचा हिशोब, कर्ज, जुन्या पॉलिसी, सगळं एका कागदावर मांडून देतो, अर्धा तास लागते. मंगळवारी सकाळी सात की बुधवारी संध्याकाळी सात, कधी येऊ?'

उत्तर बहुतेक असं येते: 'आता कायचं बाप्पा, कापूस वेचाले बाया लावल्या, पुढच्या आठवड्यात ये.' इथं 'बरं काका' म्हणून फोन ठेवला की विचारल्याचा पॉइंट मिळाला पण भेट गेली. त्याऐवजी, 'मग पुढच्या सोमवारी संध्याकाळी सातला येतो, काकू पण घरी राहतील ना?' एवढं बोलायला पाच सेकंद लागतात आणि वार, वेळ, जागा तिन्ही पक्कं होते.

काकूंचं नाव मी उगाच घेतलं नाही. निर्णयाच्या भेटीत घरात निर्णय घेणारं माणूस समोर नसेल तर त्या भेटीचे ५ पॉइंट द्यायचे नाहीत. शून्य. 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य ऐकून परत येणाऱ्यांच्या वह्या पाहिल्या तर बहुतेक वेळी बायको नाहीतर म्हातारे वडील भेटीत नव्हतेच, सातबारा वडलांच्या नावावर आणि आपण मुलाला पटवत बसलो.

तपासा: रात्री झोपायच्या आधी उद्याच्या पानावर दोन भेटी आणि सहा फोनची नावं लिहिलेली आहेत का? सकाळी उठून नाव शोधायला बसलं तर तो दिवस अर्धा गेला. हे रात्रीचं काम दहा मिनिटांचं आहे, पण सगळ्या पद्धतीत मी याला सगळ्यात जास्त किंमत देतो.

## टप्पा ५: लिहायचं कधी आणि कसं

जागेवरच लिहायचं. भेट संपली, गाडीपाशी आलात, किक मारायच्या आधी वही काढा आणि ओळ लिहा. संध्याकाळी घरी लिहू म्हटलं की विचारणा चारच्या सहा होतात, यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही, आठवणच तशी असते.

अॅप वापरायचं तर वापरा, पण गावात नेटवर्क जाते, बॅटरी उतरते, आणि मोबाईल उघडला की व्हॉट्सॲप उघडते. किराणा दुकानातली लांब वही सगळ्यात बरी. डाव्या पानावर रोजचे रकाने: वेळ, नाव व गाव, काय केलं, पॉइंट, पुढची तारीख. उजव्या पानावर काय बोलणं झालं ते दोन ओळीत, आणि विक्री झाली तर तिचा वेगळा रकाना.

एक ओळ अशी दिसते: 'सोम. सं. ७:१०, शिक्षक कॉलनीतले काका, माहिती ४, नावं मागितली २, पुढची तारीख गुरु. सं. ७.' आणि उजवीकडे: 'मुलगी बारावीला, सोसायटीचं कर्ज आहे, जुनी एक पॉलिसी बंद पडली, काकू हिशोबाला पक्क्या, त्यांनाच आधी आकडे दाखवायचे.'

पाचवा रकाना, पुढची तारीख, तो कोरा राहिला तर त्या ओळीचा पॉइंट धरू नका. अगदी 'नाही' म्हटलं तरी तारीख लिहा: 'फेब्रुवारी, तूर विकल्यावर.' ही अट कडक वाटेल, पण वही नुसती हजेरीपट न राहता पुढच्या कामाची यादी बनते ती या एका रकान्यामुळेच.

सावध राहा: व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मेसेज, सणाच्या शुभेच्छा, कंपनीचं पोस्टर, स्टेटस, या सगळ्याला शून्य. त्याला एक जरी पॉइंट दिला तर घरी बसून रोज वीस होतील.

## टप्पा ६: आठवड्याचा हिशोब

रविवारी अर्धा तास. बेरीज करून 'झाले' किंवा 'नाही झाले' एवढंच बघायचं नसते. चार आकडे वेगळे काढा: वेळ किती वेळा मागितली, माहितीच्या भेटी किती, निर्णयाच्या भेटी किती, फॉर्म किती भरले. आठ आठवडे झाले की या चारांचं आपलं स्वतःचं प्रमाण दिसायला लागते.

या लायनीत १०-३-१ हे प्रमाण बऱ्याच जणांना पाठ असते, अमेरिकेतल्या अल ग्रॅनम यांनी मांडलेलं, दहा नावांमागे तीन भेटी आणि एक ग्राहक. सुरुवातीला अंदाजाला ठीक आहे, पण तुमच्या तालुक्याचं प्रमाण तुमच्या वहीतूनच निघेल, आणि ते वेगळं आलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

समजा आठ आठवड्यांत २०० वेळा वेळ मागितली, माहितीच्या ६० भेटी झाल्या, निर्णयाच्या २४ आणि फॉर्म ९. आता गळती कुठं आहे ते बघा. २०० ला ६० वाईट नाही. २४ ला ९ तर चांगलंच आहे. पण साठ घरांत बसून हिशोब लिहून घेतला आणि त्यातल्या फक्त चोवीस घरी परत जाऊन विचारलं. छत्तीस घरं वाट बघत राहिली. इथं आणखी फोन वाढवून काही होणार नाही. माहितीची भेट संपवतानाच निर्णयाच्या भेटीची तारीख घ्यायची, हा इलाज आहे.

उलट वेळ मागणं भरपूर पण भेटी कमी, तर यादी चुकली आहे किंवा फोनवरच सगळं सांगून टाकता आहात. निर्णयाच्या भेटी भरपूर पण फॉर्म कमी, तर बहुतेक वेळी पैसा यायच्या आधी गेलात, किंवा ऐपतीपेक्षा मोठा हप्ता मांडला.

ही वही कोणाला तरी दाखवा. आपल्याच शाखेतल्या वरिष्ठाला दाखवली की ती टार्गेटची वही होते आणि मग आकडे सजवले जातात, म्हणून दुसऱ्या तालुक्यातला, आपल्याच कामातला एखादा भाऊ किंवा ताई शोधा, रोज रात्री नऊला एकमेकांना पानाचा फोटो पाठवा. सल्ला द्यायचा नाही, फक्त पाठवायचं. फोटो काढताना नाव आणि उजवं पान झाकून काढा, लोकांच्या घरची माहिती आहे ती.

## टप्पा ७: हंगामाप्रमाणे वजन बदला

तक्ता दर आठवड्याला बदलायचा नाही हे खरं, पण वर्षभर एकच ठेवला तर विदर्भात तो चालत नाही. वर्षातून चारदा, ठरवून, बदला.

जून-जुलै, पेरणी. शेतकऱ्याचा पैसा बी-बियाणं आणि खतात गेलेला असतो. या दिवसांत शेतकऱ्याकडे निर्णयाची भेट करू नका, पॉइंटही देऊ नका. नवीन नावाची मर्यादा ३ वरून ५ करा आणि पगारदारांकडे जा. पाऊस लांबला आणि दुबार पेरणीचं संकट आलं तर शेतकऱ्याला फोन फक्त विचारपूस म्हणून करा.

ऑगस्ट-सप्टेंबर, डवरणी, फवारणी, पोळा. वावरात काम असते पण संध्याकाळी माणूस घरी भेटते. माहितीच्या भेटींचा हा सगळ्यात चांगला काळ आहे, ४ ऐवजी ५ द्या. आत्ता हिशोब लिहून घ्यायचा आणि पुढच्या तारखेच्या रकान्यात 'दिवाळीनंतर' न लिहिता नेमका आठवडा लिहायचा.

ऑक्टोबर ते जानेवारी. सोयाबीन निघते, मग कापूस, मग तूर. निर्णयाच्या भेटीला ६ करा. पण तारीख बघून जा. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीत, कापूस दिला की पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्याच दिवशी हातात नाही, तेव्हा 'गाडी कधी लावली' हे न विचारता 'पैसे खात्यात पडले का' हे विचारा. जानेवारीपासून जुन्या करप्रणालीतल्या पगारदारांची कर वाचवायच्या गुंतवणुकीची धावपळ सुरू होते, ते फोन नोव्हेंबरातच करा, म्हणजे त्यांनाही घाईत काहीतरी घ्यावं लागणार नाही.

फेब्रुवारी ते मे. ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरलं तर व्याज सवलत मिळते, म्हणून मार्चमध्ये शेतकऱ्याची सगळी जमवाजमव तिकडे चाललेली असते. त्या महिन्यात त्याच्याकडे पैसे मागणं म्हणजे त्याची सवलत घालवणं आहे, करू नका. एप्रिल-मे मध्ये लग्नं, ऊन. जुन्या ग्राहकाच्या कामाची मर्यादा २ वरून ४ करा आणि थकलेले हप्ते बघून घ्या.

इथंच एक गोष्ट जी पॉइंटमध्ये दिसत नाही पण वहीत दिसायला पाहिजे. शेतकऱ्याची वार्षिक हप्त्याची पॉलिसी जूनमध्ये सुरू केली की दरवर्षी हप्ता जूनमध्येच येईल, ऐन पेरणीत. हप्ता उशिरा भरायची सवलतीची मुदत वार्षिक हप्त्याला ३० दिवस, मासिकला १५ दिवस, आणि त्या तीस दिवसांत शेतकऱ्याकडे पैसा येतच नाही. दुसऱ्याच वर्षी पॉलिसी बंद. दोष पॉलिसीचा नसतो, महिन्याचा असतो. त्यामुळे विक्रीच्या रकान्यात हप्त्याचा महिना लिहा आणि तो पहिल्या टप्प्यातल्या 'पैसा कधी येतो' शी जुळतो का बघा. जुळत नसेल तर फॉर्म भरायला थांबा, डिसेंबरपर्यंत थांबा. मधल्या काळातली जोखीम मोठी असेल, कर्ज आहे आणि लहान लेकरं आहेत, तर कमी हप्त्याचा साधा टर्म विमा, म्हणजे नुसता जिवाच्या जोखमीचा, आधी बघा, बाकी नंतर.

## कुठं घसरते

पॉइंट भरायच्या नादात लोक काही गोष्टी करून बसतात, त्या थोडक्यात सांगतो.

महिनाअखेरीस 'पहिला हप्ता तुम्हीच भरा, मग काढतो' असं ग्राहक म्हणते आणि एजंट भरते. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून अशी सूट देता येत नाही, दंड १० लाखांपर्यंत आहे, आणि फुकट घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी कोणीच भरत नाही. पूर्ण गावात बातमी पसरते ते वेगळंच.

एकाच घरी एका आठवड्यात तीनदा जाऊन तीनदा पॉइंट धरतात. एका नावाला एका प्रकारच्या कामाचे पॉइंट आठवड्यात एकदाच.

एआरएन, म्हणजे फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक, घेऊन फंडाचं काम करणारे स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवतात. आपण वितरक आहोत, सल्लागार म्हणायला सेबीची वेगळी नोंदणी लागते. कार्डवर आणि बोलण्यात तेच ठेवा.

आणि पॉलिसी हातात दिल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते हे ग्राहकाला सांगायचं टाळतात, भीतीनं. सांगा. ज्यानं हे ऐकूनही ठेवली त्याच्याकडे नावं मागायला जीभ अडखळत नाही.

## वही बंद पडली तर

पडतेच. वेचणी स्वतःच्या वावरात निघते, घरात दुखणं येते, निवडणूक लागते. दहाबारा दिवस कोरे गेले की लोक मागचे पॉइंट फेडायला बसतात, म्हणजे आता रोज चाळीस करतो. ते होत नाही आणि वही दुसऱ्यांदा बंद पडते ती कायमची.

मागचं काहीच फेडायचं नाही. कोऱ्या पानांवर आडवी रेघ मारा आणि कारण एका शब्दात लिहा. पहिल्या दिवशी फक्त पुढच्या तारखेचा रकाना वाचा, जितक्या तारखा हुकल्या तितक्या लोकांना फोन करा, 'काका, त्या दिवशी येतो म्हटलं होतं, येऊ शकलो नाही, आता कधी येऊ?' प्रत्येकाचा एक पॉइंट. पहिल्या आठवड्यात ध्येय निम्मं ठेवा, विसाचं दहा, दहाचं पाच. दुसऱ्या आठवड्यात पाऊण. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. आणि जी कारणं आडव्या रेघांवर लिहिली ती वर्षाच्या शेवटी एकदा वाचा, त्यातली बरीचशी दरवर्षी त्याच महिन्यात येणारी निघतील, मग पुढच्या वर्षी त्या महिन्याचं ध्येय आधीच कमी करून ठेवता येते.